मेन स्विचचा मान

आमच्या कारखान्यात धर्मराज भोईरला सगळे 'मालक' म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, केवढा आदर. आदर कसला, टिंगल होती. अंबरनाथच्या एमआयडीसीत ज्या जमिनीवर आमचा रंगांचा कारखाना उभा आहे, ती एकेकाळी त्याच्या बापाची, नाथाची भातखाचरं होती. सरकारनं जमीन घेतली, नाथानं अंगठा उठवला, आणि बदल्यात घरटी एक नोकरी असं ठरलं. नाथा स्वतःच्याच जमिनीच्या फाटकावर वॉचमन झाला आणि बिऱ्हाड चामटोलीला मेहुण्याच्या पडवीत गेलं. पुढे त्याच्या जागी धर्मराज लागला, हेल्पर म्हणून. त्याला चहा आणायला पाठवतानाही लोक म्हणायचे, "मालक, तुमच्या शेतात जरा चार कटिंग फिरवा." तो हसायचा. हसणाऱ्याला दुखत नाही असं लोक धरून चालतात, ते त्यांच्या सोयीचं असतं.

मी बॉयलरवर होतो. सदू म्हणतात मला, राहायला बदलापूरला हेंद्रेपाड्यात. मीटरमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण बॉयलरवाल्याला बसून बघायला वेळ भरपूर मिळतो. यंत्रापेक्षा मी माणसंच जास्त बघितली, आणि त्यातली बरीचशी बघण्यासारखी नव्हती.

वर्षातला एक दिवस मात्र धर्मराज खरोखर मालक असायचा. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं विश्रांती घेतात. रंग घुसळायचे रिॲक्टर धुऊन रिकामे करायचे, बॉयलर थंड करायचा आणि मेन स्विच खाली ओढायचा. दसऱ्याच्या सकाळी पॅनलची पूजा करून तो पुन्हा वर करायचा. हा मान पहिल्यापासून जमीनवाल्याचा. पहिल्या वर्षी रिॲक्टर फुटला होता, तेव्हा कुणीतरी सांगितलं की जागेच्या धन्याच्या हातून पूजा व्हायला हवी, आणि आमचे मोठे साहेब पडले देवभोळे. तेव्हापासून नाथा, आणि नाथा थकल्यावर धर्मराज, हळदकुंकू वाहून नारळ फोडायचा. मोठे साहेब त्याच्या मागे हात जोडून उभे राहायचे. त्यांच्यामागे ऑफिसर मंडळी.

त्या ऑफिसर मंडळींत गुरुदत्त साहेब असायचे. इन्स्ट्रुमेंटचे मुख्य. अंबरनाथ पश्चिमेला स्वतःचा ब्लॉक, बोलणं मृदू, कुणावर आवाज चढवल्याचं मी ऐकलं नाही. माझं मत विचाराल तर आवाज चढवणारा साहेब परवडतो, तो ओरडून मोकळा होतो. हे सगळं आत साठवून ठेवायचे. आपल्या हाताखालचा चहा वाटणारा गडी पुढे, मोठे साहेब त्याच्या मागे आणि आपण त्यांच्याही मागे, हे त्यांना दरवर्षी गिळावं लागायचं. प्रसाद ते डाव्या हातात घ्यायचे आणि वळून पॅनलमागे टाकायचे. मी दोनदा बघितलंय.

पंच्याण्णव साली कारखान्यात कॉम्प्युटर आला. तोवर पाणी, ॲसिड, वाफ यांच्या प्रत्येक पाइपावर एक मीटर आणि प्रत्येक मीटरची स्वतंत्र वायर कंट्रोल रूमपर्यंत. तिथे घड्याळासारख्या काटेवाल्या तबकड्यांची भिंत होती. आता जुने मीटर काढून नवे ट्रान्समीटर बसवले. पाइपावर मुठीएवढा डबा, त्यात काचेखाली आकडे आणि तीन बटनं. गंमत अशी की सगळे एकाच वायरीवर. उल्हासनगरचा गोप नावाचा सिंधी इंजिनीयर ही सिस्टीम घेऊन आला होता. त्यानं मला सांगितलं ते मला शाळेच्या हजेरीसारखं वाटलं. कॉम्प्युटर एकेक नंबर पुकारतो, ज्याचा नंबर तो मीटर उत्तर देतो, बाकीचे गप्प. पण कंपनीतून येताना सगळ्यांचा नंबर एकच असतो, एक. तो तसाच राहिला तर एक म्हटल्यावर सगळे एकदम बोलणार आणि कुणाचंच ऐकू येणार नाही. म्हणून प्रत्येकाचं झाकण उघडून नंबर बदलायचा, बोलण्याचा वेग सगळ्यांचा सारखा करायचा, आणखी एक काहीतरी तपासायचं.

हे काम गुरुदत्त साहेबांनी धर्मराजला दिलं. स्वतः दिलं, मोठ्या साहेबांसमोर. म्हणाले, "साहेब, किती वर्षं हा माणूस हेल्पर राहणार? जमीन यांची. दसऱ्याला सिस्टीम चालू झाली, तर त्याच दिवशी याला मेकॅनिकची ऑर्डर द्या." मोठे साहेब इतके खूश झाले की ऑर्डर टाइप करून ठेवायला सांगितली. मी चाट पडलो. म्हटलं, पॅनलमागे टाकलेला प्रसाद शेवटी पावला की काय यांना.

धर्मराजला मेकॅनिक व्हायचंच होतं. पगाराचं सोडा. नाथानं अंगठा उठवला तेव्हा भावकीनं त्याच्या तोंडावर सांगितलं होतं की तुझी पोरं तिथे झाडू मारतील. नाथा म्हणाला होता, माझा पोऱ्या मशीन चालवील. ते एक वाक्य बापलेकांनी इतकी वर्षं डोक्यावर वाहिलं होतं. वॉचमन आणि हेल्पर, दोन पिढ्या संपत आल्या होत्या आणि भावकी अजून हसत होती.

गुरुदत्त साहेबांनी त्याला शेजारी बसवून शिकवलं. इंग्रजी पुस्तक त्यांच्या खणात असायचं, धर्मराजच्या काही ते उपयोगाचं नव्हतं. त्यांनी त्याला तीन शब्द पाठ करायला दिले. ॲड्रेस म्हणजे तो नंबर, बॉडरेट म्हणजे बोलण्याचा वेग, आणि पॅरिटी म्हणजे ते आणखी एक काहीतरी. हा पठ्ठ्या ते घोकत पत्र्याचं स्टूल खांद्यावर टाकून पाइपापाइपावर चढायचा. मधलं बटन दाबून धरलं की ॲड्रेस येतो, तो बदलायचा. मग बॉडरेट, छप्पन्नशे की शहाण्णवशे असलं काही, मला तो दहादा सांगायचा आणि मी दहादा विसरायचो. मग पॅरिटी. मग झाकण. गणपतीपासून नवरात्रापर्यंत त्याचं हेच चाललं होतं. बायको अंजनी सांगायची, झोपेतसुद्धा बोटं हलवतो.

अष्टमीला सगळे मीटर बोलायला लागले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाण्याचा आकडा, ॲसिडचा आकडा, माझ्या वाफेचासुद्धा. गोपनं धर्मराजच्या पाठीवर थाप मारली, "वाह साईं, कमाल कर दिया." साहेब म्हणाले, "छान. अगदी छान." गोप सणाला घरी जायच्या घाईत होता. निघताना त्यानं साहेबांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. साहेब मान डोलावत होते. मग गोपनं मोठ्यानं विचारलं, "कल मेन बंद मत करो तो? एक साल पूजा ऐसे ही कर लो."

साहेब धर्मराजकडे बघून हसले. "नाही, नाही. मालकांचा मान आहे. प्रथा मोडायची नाही."

नवमीला धर्मराजनं मेन खाली ओढला. मीटरना बॅटरीची सोय होती, एरवी वीज गेली तरी त्यांना पत्ता लागत नसे. पण त्या बॅटरीचा खटकाही त्याच पॅनलवर होता आणि खंडेनवमीला एकसुद्धा दिवा जळता ठेवायचा नाही हा नाथाच्या वेळचा नेम. धर्मराजनं तोही खटका पाडला. गुरुदत्त साहेब शेजारी उभे होते. हात जोडलेले.

दसऱ्याला नाथाला चामटोलीहून रिक्षानं आणलं होतं. नवं धोतर, डोक्याला टोपी, कंट्रोल रूमच्या दारात खुर्ची. पोराला ऑर्डर मिळताना बघायला भावकीतले दोघे जणही मुद्दाम आले होते. पूजा झाली, नारळ फुटला, धर्मराजनं आधी बॅटरीचा खटका आणि मग मेन वर केला. सगळे कंट्रोल रूममध्ये गेलो. मोठ्या साहेबांनी कॉम्प्युटरला हार घातला आणि बटन दाबलं.

पडद्यावर एकही आकडा आला नाही. सगळीकडे नुसत्या रेघा.

धर्मराज धावत जाऊन एका मीटरचं झाकण उघडून आला. दुसऱ्याचं उघडलं, तिसऱ्याचं उघडलं. परत येऊन म्हणाला, "साहेब, समद्यांचा नंबर एक झालाय. मी टाकलेला नंबर नाय."

"टाकला होतात ना?" गुरुदत्त साहेबांनी अगदी हळू विचारलं.

"टाकला व्हता. परवा चालत व्हतं ना साहेब. तुमी बघितलंत. सदूभाऊनी पन बघितलं."

"परवा चालत असेल. मोठे साहेब आज आलेत." मग मोठ्या साहेबांकडे वळून म्हणाले, "चूक माझी आहे. माणसाची कुवत बघून काम द्यायला हवं होतं."

चूक माझी म्हणत म्हणत समोरच्याला गाडता येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. साहेबांनी बाह्या सरसावल्या, स्टूल मागितलं, आणि धर्मराजला सगळ्यांसाठी चहा आणायला पिटाळलं. तो आला की कपबश्या गोळा करायला, मग पुन्हा कशाला तरी. तो मीटरच्या आसपास फिरकणार नाही याची साहेबांनी नीट काळजी घेतली. संध्याकाळच्या आत सगळे मीटर बोलायला लागले. मोठ्या साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. टाइप केलेली ऑर्डर फाटली आणि मेकॅनिकच्या जागेवर पुढच्याच महिन्यात गुरुदत्त साहेबांच्या गल्लीतला एक जण आला.

नाथा खुर्चीतून उठला. भावकीतल्या एकानं त्याला हाताला धरून रिक्षात बसवलं. धर्मराज जवळ गेला तर नाथा त्याला नव्हे, भावकीलाच म्हणाला, "जमीन गेली ती गेली, पोऱ्या पन फुकट गेला." त्यांना आता बोलायची गरजच उरली नव्हती.

धर्मराजला बागेवर घातलं. फाटकापासून ऑफिसपर्यंत गुलाबाची झाडं होती, त्यांना पाणी घालायचं. लोकांना तर आयतंच मिळालं. "मालक, यंदा पीक कसं काय?" दुपारी तो भाकरी घेऊन बॉयलरवर यायचा. त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. अष्टमीला चालत होतं, दसऱ्याला गेलं. मधे झालं काय? फक्त स्विच खाली गेला, आणि तो त्यानंच ओढला. शेवटी एक दिवस भाकरी तशीच ठेवून म्हणाला, "सदूभाऊ, मना समजलं. बॅटरीसुदीक बंद झाली का मीटर इसरतात. त्यांची जातच तशी. साहेबांचे पन इसरतील. पन तवापासून बॅटरी बंदच झाली नाय, मंग कोनाला दिसनार?"

मला ते पटलं. मीटरची जात मला काय ठाऊक? म्हटलं, असेल बाबा.

त्या पावसाळ्यात नाथा गेला. आठ-नऊ महिने अंथरुणात होता. पोराच्या हातचं पाणी प्यायचा, पेज प्यायचा, पण त्याच्याशी शब्द बोलला नाही. अंजनीशी बोलायचा, नातवंडांशी बोलायचा, दारातल्या कुत्र्याशीसुद्धा. मरणाऱ्या माणसाला सगळे माफ करतात. मी नाथाला नाही केलं.

पुढच्या दसऱ्याला परदेशातली मोठी ऑर्डर होती. नोटीस लागली, यंदा कारखाना बंद राहणार नाही, मेन खाली ओढायचा नाही, पॅनलला हार घालून चालू लाइनीवरच पूजा करायची. मान मात्र धर्मराजचाच ठेवला. मोठे साहेब देवाला घाबरत होते ना. गोपही आला होता, वर्षाची तपासणी होती त्याची.

धर्मराज बापाची टोपी घालून आला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, नारळ फोडला. मागे मोठे साहेब, त्यांच्या मागे गुरुदत्त साहेब. मी कोपऱ्यात होतो. त्यानं एकदा वळून माझ्याकडे बघितलं, तेव्हाच मला कळलं. त्यानं बॅटरीचा खटका पाडला आणि दोन्ही हातांनी मेन खाली ओढला.

चालता कारखाना थांबतो तेव्हा कानाला दडे बसतात. पंखे थांबले, पंप थांबले, रिॲक्टरमधली घुसळण थांबली. आत गरम माल होता, तो न घुसळता राहिला की दगड होतो. सगळे जागच्या जागी उभे राहिले. धर्मराजनं पॅनलला डोकं टेकवलं, सावकाश, बाप टेकवायचा तसं, आणि दोन्ही खटके वर केले.

"आता चला," तो मोठ्या साहेबांना म्हणाला. "आता बघा साहेबांच्या मीटरांचं काय होतं ते. मंग सांगा कुवत कोनाची."

त्याच्या आवाजात असा काही जोर होता की आम्ही सगळे, मोठे साहेबसुद्धा, त्याच्या मागून कंट्रोल रूममध्ये गेलो. आयुष्यात पहिल्यांदा तो पुढे आणि कारखाना मागे, आणि कुणी टिंगल करत नव्हतं. मनात म्हटलं, देवा, येऊ देत त्या रेघा. दुसऱ्याचं वाटोळं व्हावं म्हणून मी कधी देवाला हात जोडले नव्हते, त्या दिवशी जोडले.

कॉम्प्युटर सुरू झाला. एक नंबरचा आकडा आला. दोनचा आला. मग तीन, चार, सगळे रांगेनं, काही झालंच नाही असे. पाण्याचा, ॲसिडचा, माझ्या वाफेचा. एकही रेघ नव्हती.

धर्मराज पडद्याकडे बघत राहिला. जवळ जाऊन त्यानं काचेवर बोटही ठेवलं.

गोपला यातलं आधीचं काहीच माहीत नव्हतं. तो आपला भाबडेपणानं समजावायला लागला. "अरे भाऊ, नंबर कैसे जाएगा? साहब ने सेव्ह किया है ना. नंबर डालने के बाद दो बटन साथ में दबाके सेव्ह करना पडता है, नहीं तो पॉवर गया तो वापस एक हो जाता है." मग साहेबांकडे बघून म्हणाला, "पिछले साल जाते टाइम मैंने बोला था ना साहब? मेन बंद करने के पहले सेव्ह करवा लेना, इसने किया नहीं होगा. आपने बोला, हो जाएगा."

मोठे साहेब घड्याळ बघत होते, त्यांना दगड झालेल्या मालाची चिंता. गोप काय म्हणाला ते त्यांनी ऐकलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ऐकलं असलं तरी त्यांनी ते ऐकायचं नाही असं ठरवलं होतं.

गुरुदत्त साहेबांचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. "मी सांगितलं होतं यांना," ते म्हणाले. "लक्षात राहिलं नसेल."

मला वाटलं, आता धर्मराज धरतो यांची गचांडी. धरावी असं मला फार वाटत होतं. मी दार अडवून उभाही राहिलो, साहेबाला पळायला वाट नको म्हणून. पण धर्मराजनं टोपी काढून हातात घेतली, आणि ज्या आवाजात तो चहा हवा का विचारायचा त्याच आवाजात म्हणाला, "साहेब, एकदा दाखवा ना मना. कुठली दोन बटनं?"

साहेबांनी चष्मा लावला. त्याला बरोबर घेऊन जवळच्या पाण्याच्या मीटरपाशी गेले, झाकण फिरवून काढलं. पहिलं आणि तिसरं बटन एकदम दाबलं आणि धरून ठेवलं. काचेखाली आकडे एकदा मिटले, परत आले. "झालं," साहेब म्हणाले. "बस, इतकंच."

"इतकंच?"

"इतकंच."

धर्मराजनं हात पुढे केला, त्याला स्वतः एकदा दाबून बघायचं होतं. साहेबांनी झाकण लावून टाकलं. "आता तुम्ही कशाला," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. मोठ्या साहेबांच्या हुकमानं त्याला कामावरून काढल्याचं टायपिंग ऑफिसात सुरू झालं होतं, मशीनचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. माल वाया घालवला, नोटीस मोडली, जमीनवाला असला म्हणून काय झालं.

साहेबांनी रुमालानं हात पुसले आणि खिशातून आपट्याची पानं काढली. दसरा होता शेवटी. पहिलं पान त्यांनी धर्मराजच्या हातात ठेवलं. म्हणाले, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

धर्मराजनं ते घेतलं. साहेब वयानं मोठे होते, म्हणून रीतीप्रमाणे वाकून त्यांच्या पाया पडला.